वजन उतरवणाऱ्या क्लबांना कुणी हिशेब विचारणार आहे का?

आपल्या गावात सकाळी दूधवाल्याच्या आधी कोणाचं शटर उघडतं? वजन उतरवणाऱ्या क्लबांचं. स्टँडमागे एक, पतसंस्थेच्या माडीवर एक, शाळेच्या रस्त्याला दोन. भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो, कोपऱ्यात चरबीचे टक्के सांगणारा काटा, आणि दोन वेळच्या जेवणाच्या जागी एकेक ग्लास शेक. डबे वेगवेगळे, बोलणं एकच: “औषध नाही, साइड इफेक्ट नाही, महिन्यात पाच किलो गॅरंटी.”

वजन उतरतं का? उतरतं. उगाच खोटं कशाला बोला! भाकरी-भात सोडून दोनेकशे कॅलरीच्या ग्लासावर राहिलं तर कुणाचंही उतरेल. पहिल्या आठवड्यात जे झपाट्यानं उतरतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो, एवढं मात्र काट्याभोवती टाळ्या वाजवणारे सांगत नाहीत. ‘दीक्षित की दिवेकर’ यावर अख्खा महाराष्ट्र भांडला, पण त्यापायी निदान कुणाला पावडर विकत घ्यावी लागली नव्हती.

इथं महिन्याला सात हजार मोजावे लागतात. शेतात जाणाऱ्या बाईची रोजी तीनशे धरा, म्हणजे तेवीस दिवसांची मजुरी. परवडेना म्हटलं की कोच सांगतो, “चार माणसं जोडा, तुमचा डबा स्वस्तात पडेल.” मग कालचं गिऱ्हाईक आज जावेला, नणंदेला, भिशीतल्या बायकांना गाठतं. थेट विक्रीसाठी केंद्राचे नियम २०२१ पासून आहेत. पिरॅमिड योजनेला बंदी आहे, घरी येणाऱ्या विक्रेत्याकडे ओळखपत्र हवं. तुमच्या दारात आलेल्यानं दाखवलं होतं का?

पण पैसे एकवेळ गेले तर गेले. माझं खरं भांडण गोळ्यांवरून आहे.

क्लबवाले हल्ली सर्रास सांगतात, “परदेशात शेक पिऊन शुगर गेली.” त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन ते पाच महिने रोज साधारण ८२५ ते ८५० कॅलरींचे शेक आणि सूप, बाकी जेवण बंद. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता; दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. आता क्लबवाले गाळतात तो भाग. हे सगळं सरकारी दवाखान्यांतून, प्रशिक्षित नर्स आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली झालं. इन्सुलिनवाल्यांना घेतलंच नव्हतं. शेक सुरू झाला त्याच दिवशी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या होत्या. नंतर नेहमीचं जेवण हळूहळू कसं सुरू करायचं, तेही शिकवलं.

आपल्याकडे काय होतं? ग्लिमेपिराइडची गोळी रोजच्यासारखी पोटात आणि जेवणाच्या जागी ग्लास. ही गोळी शुगर खाली ओढते, तुम्ही जेवलात की नाही ते ती विचारत नाही. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. ओळखीच्या एका काकू अशाच बाजारात कोसळल्या, आणि क्लबमध्ये म्हणे, “शरीरातली घाण बाहेर पडतेय, घाबरू नका.” हे सांगणारा माणूस सहा महिन्यांपूर्वी मोबाइलची कव्हरं विकत होता. कव्हरं विकणं वाईट नाही हो, पण गोळीबद्दल बोलायचा अधिकार त्याला कुणी दिला?

अन्न व औषध प्रशासनानं या क्लबांमध्ये एकदा येऊन जावं. डब्यांचे परवाने बघावेत, भिंतीवरचे ‘शुगर मुक्त’चे बोर्ड बघावेत. नगरसेवकांनी उद्घाटनाची फीत कापली तेव्हा हे विचारलं नाही, निदान आता पत्र तरी द्यावं. दर भिंतीवर लिहिलेला असावा आणि पक्की पावती मिळावी, एवढं तर मागता येईल.

तोवर घरात कुणाला शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर पहिला ग्लास पिण्याआधी त्यांना डॉक्टरकडे न्या. सोबत डबाच घ्या, रंगीत माहितीपत्रक नको, आणि मागचं बारीक अक्षरातलं लेबल डॉक्टरांना वाचू द्या.