पुस्तक कपाटात, लेखक दाराबाहेर

“आपण अशी पुस्तके विकत घेतोच, मग जाहीर अभिवाचनाचा आग्रह कशासाठी?” गावातल्या समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लेखकांचे अभिवाचन ठेवावे, अशी सूचना मी एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळापुढे मांडली, तेव्हा हा प्रश्न विचारण्यात आला. विचारणारे गृहस्थ सज्जन आणि चांगले वाचक होते. म्हणूनच त्यांना नीट उत्तर देणे भाग आहे.

आपल्या अनेक जुन्या वाचनालयांत कपाटे देवघेवीच्या खिडकीपलीकडे असतात. यादीतून क्रमांक शोधायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि ती चिठ्ठी ओळखीच्या माणसाच्या हाती द्यायची. खाते बहुधा वडिलांच्या नावावर. अशा खिडकीवर सतरा वर्षांच्या मुलाने बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ कशी मागावी? रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांत वाचकाला पुस्तक मिळण्याइतकेच पुस्तकाला वाचक मिळण्याला महत्त्व आहे. त्या कसोटीवर ही खरेदी म्हणजे निव्वळ दप्तरी नोंद ठरते. सभागृहात मात्र पन्नास श्रोत्यांत तो मुलगा एक श्रोता असतो; येण्याचे कारण त्याला कोणी चिठ्ठीवर लिहायला लावत नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे : साहित्य हे साहित्य असते, त्याला वेगळे व्यासपीठ कशाला? दलित साहित्याच्या वेळी हाच आक्षेप याच गंभीर सुरात घेतला गेला होता, एवढे स्मरण पुरे. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. त्यात मित्राची कहाणी आपल्याला बापू सांगतो. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) एकाच पुरुषावर प्रेम करणारे भाऊ आणि बहीण आपापली हकीकत स्वतः सांगतात. दिशा पिंकी शेख यांच्या ‘कुरूप’मधील कवितेत बोलणारी व्यक्ती तर थेट कवयित्रीच्या अनुभवातून उभी राहते. तृतीय पुरुषाकडून प्रथम पुरुषाकडे झालेला हा प्रवास वाङ्मयीन आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हटल्याशिवाय साधे जाणेसुद्धा सांगता येत नाही. ट्रान्सजेंडर कवीने शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर उच्चारलेले ते एक क्रियापद छापील पानावर डोळ्यांखालून निसटून जाईल. सभागृहात ते निसटत नाही.

उरला वादाचा धाक. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांना गुन्हा म्हणण्याची सोय उरलेली नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मिळणारे अनुदान सार्वजनिक पैशातून येते आणि त्या पैशात या लेखकांचाही कर असतो. सभागृह देणे हे औदार्य नसून हिशेबाची परतफेड आहे.

मात्र अभिवाचनाचा सत्कारसमारंभ होऊ नये. शाल-श्रीफळ नको आणि “तुम्हाला हे केव्हा कळले?” हा प्रश्नही नको. कविता सैल असेल तर सैल म्हणावे, कथेचा शेवट फसला असेल तर तसे सांगावे. इतर लेखकांना मिळणारी कठोर दाद यांनाही मिळणे, हीच खरी समानता. ती दाद देण्याचे शिक्षण साहित्याच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी घेतलेले आहे. तेव्हा पहिल्या रांगेत त्यांनी बसावे.

त्या बैठकीत विषय ‘पुढील सभेत विचारार्थ’ ठेवण्यात आला. इतिवृत्तात लेखकांची नावेही आली नाहीत.