पपईचा दोष नव्हता

1989 साली माझ्या धाकट्या जावेला चौथ्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला. पनवेलला एका दवाखान्यात पिशवी साफ केली. बाळ नव्हतंच, द्राक्षांच्या घडासारखे पाण्याचे फोड निघाले. डॉक्टर ‘द्राक्षगर्भ’ एवढंच म्हणाले. घरी सासूबाईंनी कारणं मोजली: पपई खाल्ली, ग्रहणात विळीवर भाजी चिरली. त्या चैत्रात हळदीकुंकवाला तिची ओटी कुणी भरली नाही. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, तरी गप्प राहिले. ते आजही मला टोचतं.

खरी गोष्ट तेव्हाही माहीत झालेली होती. पूर्ण द्राक्षगर्भात केंद्रकातली सगळी जनुकं बापाची असतात, हे जपानी संशोधकांनी 1977 मध्ये दाखवलं होतं. बीजांडातला आईचा वाटा नाहीसा झालेला असतो आणि बहुतेक वेळा एकाच शुक्राणूची जनुकं दुप्पट होतात. संख्या पुरी भरते, मग बाळ का होत नाही? याचं उत्तर 1984 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून आलं. केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि फिलाडेल्फियात मॅकग्रा व सोल्टर यांनी दोन्ही वाटे आईचे किंवा दोन्ही बापाचे असलेले भ्रूण तयार केले. एकही जगला नाही. बापाचेच वाटे असले की वार वाढे, पण गर्भ खुंटे. आईचेच असले की गर्भ काहीसा घडे, पण वार खुरटी राही. आईबाप काही जनुकांवर आपापली छाप मारून पाठवतात; कुठलं बोलायचं, कुठलं गप्प राहायचं, ते त्या छापेवर ठरतं.

ही छाप प्रत्येक अवयवात सारखी पाळली जात नाही. यूबीई3ए नावाच्या जनुकाची बापाकडून आलेली प्रत मेंदूच्या चेतापेशींत गप्प असते, बाकी शरीरात बहुतेक ठिकाणी दोन्ही प्रती चालतात. म्हणून आईकडची प्रत बिघडली की मुलाला अँजेलमन सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा विकार होतो, बापाकडची बिघडली तर होत नाही. आणि छाप पिढीगणिक पुसून नव्याने मारली जाते: आईकडून मिळालेलं जनुक मुलगा पुढे देतो, ते बापाच्या छापेनं.

मी खारघरला राहते. इथे टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. स्टेशनबाहेर फायली छातीशी धरून रिक्षा शोधणाऱ्या बाया रोज दिसतात, आणि मला जाऊ आठवते. द्राक्षगर्भाच्या काही पेशी कधीकधी मागे राहून वाढतात, क्वचित त्यांचा कर्करोग होतो. म्हणून पिशवी साफ केल्यावर रक्तातलं बीटा एचसीजी हे गर्भारपणाचं संप्रेरक उतरून सामान्य होईपर्यंत, आणि पुढेही काही महिने, तपासावं लागतं. वेळेत कळलं तर जवळजवळ सगळ्या बऱ्या होतात. पण घरच्यांना पुढच्या बाळाची घाई असते, आणि जिला दोष दिला जातो ती तपासणीला जायचं तरी कुणाला सांगणार?

म्हणून माझी मागणी आहे. द्राक्षगर्भाचं निदान झालं की डॉक्टरांनी नवऱ्याला आणि सासूलाही समोर बसवून, मराठीत, हे सगळं सांगावं. आता दोष नवऱ्याच्या माथी मारायचा, असं मी म्हणत नाही. त्यानेही काही केलेलं नसतं. पुढचं बाळंतपण बहुतेकींचं नीट होतं, हेही तेव्हाच सांगावं. माझ्या जावेलाही दोन वर्षांनी मुलगा झाला.

गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली होती. वाटाणे सोलता सोलता मी तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले. “म्हणजे वहिनी, त्यात माझं काहीच नव्हतं?” थोड्या वेळानं तिने पपईचं विचारलं. पपईचा काही संबंध नव्हता, मी म्हणाले. त्या वर्षानंतर तिने पपई तोंडाला लावलेली नाही.