वेगाने सरकलेला दात आणि घाईने काढलेला निष्कर्ष

नर उंदराचे वृषण काढून टाकले, त्याच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नाहीसे केले आणि मग वरच्या जबड्यातली पहिली दाढ बारीक स्प्रिंगने पुढे ओढली, तर काय होते? हा प्रश्न हाताळणारे प्रयोग मोजकेच आहेत. 2015 साली शिराझच्या दंतविज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात विस्टार जातीच्या उंदरांवर अंडाशय आणि वृषण काढण्याचे परिणाम तपासले होते. लैंगिक संप्रेरकांची पातळी बदलली की दात सरकण्याचा वेग आणि मुळांची झीज या दोहोंवर परिणाम होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष. संप्रेरकाच्या अभावात दात अधिक वेगाने सरकतो, ही या प्रकारच्या कामातून पुढे आलेली बाब आहे आणि तिच्याभोवतीच सारा वाद फिरतो.

या वादात तीन मते ऐकू येतात. पहिले म्हणते, दात लवकर सरकतो ना, मग उपचाराचा काळ कमी करण्याचा मार्ग सापडला. दुसरे म्हणते, उंदरात दिसले ते माणसात असणारच, तेव्हा तार लावायला आलेल्या प्रत्येक पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन तपासा. तिसरे या दोघांना उडवून लावते आणि म्हणते, उंदराच्या दाढेवरून माणसाच्या दाताबद्दल काहीच कळत नाही, हे काम कपाटात ठेवा. ही तिन्ही मते टिकणारी नाहीत. या प्रयोगांतून मिळणारे ज्ञान मर्यादित आहे, पण मोलाचे आहे. ते नीट वापरायचे तर आधी त्याच्यावर लादलेले अर्थ दूर केले पाहिजेत.

पहिल्या मताचा पाया असा की वेग म्हणजे यश. दात सरकतो कसा, हे पाहिले की हा पाया ढासळतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेने दाब दिला की मुळाच्या एका बाजूला हा थर दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला ताणला जातो. दाबाच्या बाजूला हाड खाणाऱ्या अस्थिभंजक पेशी जमतात, ताणाच्या बाजूला हाड घडवणाऱ्या अस्थिजनक पेशी कामाला लागतात. कार्ल सँडस्टेट यांनी 1904 साली कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून या दोन बाजू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या, आणि आजची दंतसुधारणा त्याच पायावर उभी आहे. म्हणजे दात सरकणे हे एक काम नाही, दोन कामांची जोडी आहे. एका बाजूला जितके हाड जाते तितके दुसऱ्या बाजूला भरून आले, तरच दात नव्या जागी बसला असे म्हणता येते.

टेस्टोस्टेरॉन गेल्यावर नेमकी ही जोडी बिघडते. वृषण काढलेल्या उंदरांत हाडाची उलाढाल वाढते, पण भरण्यापेक्षा झीज अधिक होते. हाडाच्या आतला जाळीदार भाग विशेष विरळ होतो. अस्थिभंजक पेशींना चालना देणारा रँकल हा रेणू आणि त्याला आवर घालणारे ऑस्टिओप्रोटेजेरिन यांच्यातला तोल झिजेकडे झुकतो. अशा हाडातून दात लवकर सरकला तर त्यात नवल नाही. भिजून भुसभुशीत झालेल्या बांधावरचा खांब एका हाताने हलतो, पण तो जिथे नेऊन ठेवावा तिथे उभा राहील याची खात्री कोणी देत नाही. वेग मोजणाऱ्या प्रयोगाने पुढे ताणाच्या बाजूला किती हाड भरले, स्प्रिंग काढल्यावर दात किती मागे गेला, हे मोजले नसेल, तर त्या वेगाला उपचाराची गती म्हणता येत नाही. ते हाडाच्या दुर्बलतेचे लक्षण आहे.

मुळांची झीज कमी झाल्याचे सांगून काही जण या वेगाचे समर्थन करतात. हाड विरळ असले की दाबाखाली ते चटकन हटते, त्यामुळे दाब मुळावर फार काळ साचत नाही आणि मूळ वाचते, हा तर्क पटण्याजोगा आहे. पण मूळ वाचण्याची किंमत त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाने दिली असेल, तर ती बचत कसली? रुग्णाला दात हवा असतो तो पुढची तीस-चाळीस वर्षे चावण्यासाठी. ब्रेसेस लवकर निघाव्यात ही इच्छा रास्त आहे, पण ती या हिशेबापुढे दुय्यम आहे.

आता दुसरे मत, उंदरावरून थेट माणसावर उडी मारणारे. इथे प्रयोगाचा प्राणी नीट पाहावा लागतो. उंदराच्या दाढा आयुष्यभर हळूहळू मागच्या दिशेने सरकत असतात. प्रयोगात आपण दाढ पुढे ओढतो, म्हणजे तिच्या नैसर्गिक ओढीच्या उलट. संप्रेरक गेल्यामुळे ती ओढच बदलली असेल, तर मोजलेल्या फरकात स्प्रिंगचा वाटा किती आणि या ओढीचा किती, हे वेगळे काढावे लागते. ज्या पुढच्या दातांना स्प्रिंगचे दुसरे टोक बांधतात, ते उंदरात जन्मभर वाढतात, आठवड्याला दोन मिलिमीटरांहून अधिक. आधाराचा खुंटच हलता असेल तर अंतराच्या मोजमापात चूक शिरते. शिवाय उंदराची दाढ माणसाच्या दाढेपुढे अतिशय लहान आहे. तिच्यावर माणसाच्या तारेइतका जोर लावला तर तो त्या मुळाला चिरडणारा ठरतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2004 साली उंदराच्या या नमुन्याचा चिकित्सक आढावा घेऊन अशा त्रुटी मांडल्या होत्या. त्या आढाव्याला दोन दशके झाली, तरी दोन-तीन आठवड्यांच्या मोजमापावर वर्षानुवर्षांच्या उपचाराबद्दल बोलण्याची सवय सुटलेली नाही.

प्राण्याइतकेच महत्त्व काळाला आहे. वृषण काढलेल्या उंदराचे टेस्टोस्टेरॉन एका दिवसात कोसळते. पुरुषाचे ते तिशीनंतर वर्षागणिक थोडेथोडे उतरते. कोवळ्या, अजून वाढणाऱ्या उंदराचे वृषण काढले तर त्याच्या हाडाची जाडी वाढणे मंदावते. पूर्ण वाढलेल्या उंदरात आहे ते हाड झिजते. शस्त्रक्रियेनंतर लगेच स्प्रिंग बसवली की काही आठवड्यांनी, यावरही उत्तर बदलते. मांडीच्या हाडावरचे निष्कर्ष जबड्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण जबड्यावर रोजच्या चावण्याचा भार असतो आणि तो भार हाडाला काही प्रमाणात राखतो. इतक्या अटी बाजूला सारून प्रत्येक पुरुष रुग्णाच्या माथी रक्ततपासणी मारणे म्हणजे विज्ञानाच्या नावाने खर्च वाढवणे. टेस्टोस्टेरॉनची पातळी सकाळी अधिक आणि संध्याकाळी कमी असते. कमतरतेचे निदान लक्षणे आणि सकाळच्या किमान दोन तपासण्या मिळून करायचे असते. दुपारी चारला तार आवळून घ्यायला आलेल्या माणसाच्या एका आकड्यावरून काहीही ठरत नाही.

याहून खोल चूक आहे ती टेस्टोस्टेरॉनला एकटे कर्तृत्व देण्याची. हे संप्रेरक हाडावर दोन वाटांनी काम करते. एक थेट वाट, पुरुषसंप्रेरकाच्या ग्राहीवरून. दुसरी आडवाट, ॲरोमॅटेज या विकराने त्याचे इस्ट्रोजेन झाल्यावर. दुसऱ्या वाटेचे वजन माणसात किती आहे, हे 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णाने दाखवले. 28 वर्षांचा पुरुष, उंची 204 सेंटिमीटर, टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, पण जनुकीय दोषामुळे शरीर इस्ट्रोजेनला प्रतिसाद देत नव्हते. त्याच्या हाडांची टोके त्या वयातही जुळलेली नव्हती आणि हाडे विरळ होती. 1997 साली ॲरोमॅटेजच नसलेल्या एका पुरुषाची हकिकत आली. त्याला टेस्टोस्टेरॉन देऊन हाडात सुधारणा झाली नाही, इस्ट्रोजेन दिल्यावर झाली. मग वृषण काढलेल्या उंदराचा दात वेगाने सरकला, तो टेस्टोस्टेरॉन गेल्यामुळे की त्यातून बनणारे इस्ट्रोजेन गेल्यामुळे? नुसते वृषण काढून थांबणारा प्रयोग हा प्रश्न सोडवू शकत नाही. ‘टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेने दात वेगाने सरकतो’ हे वाक्य म्हणूनच अपुऱ्या पुराव्यावर उभे आहे.

इथवर वाचून तिसऱ्या मताचे लोक म्हणतील, आम्ही तेच सांगत होतो, हे प्रयोग निरुपयोगीच. नाही. प्रयोग अपुरा असणे वेगळे आणि निरर्थक असणे वेगळे. 1849 साली गॉटिंगेनमध्ये अर्नोल्ड बर्टोल्ड यांनी कोंबड्यांचे वृषण काढले. ज्यांचे नुसते काढले, त्यांचे तुरे आक्रसले, आरवणे आणि झुंजणे मंदावले. ज्यांच्यात वृषणाचे पुन्हा रोपण केले, ते मात्र कोंबड्यासारखेच राहिले. शरीरातली एक ग्रंथी रक्तावाटे दूरच्या अवयवांवर हुकमत चालवते, हे त्यातून दिसले. संप्रेरकांचे सारे शास्त्र अशा प्राण्यांच्या प्रयोगांवर वाढले. त्या जुन्या प्रयोगाचा धडा दुहेरी आहे. प्राण्यावरचा प्रयोग मूलभूत तत्त्व दाखवू शकतो. आणि ते तत्त्व सिद्ध होते ते काढल्याने नव्हे, काढून परत दिल्याने.

उंदराच्या दाढेने दाखवलेले तत्त्वही तितकेच मूलभूत आहे. दात तोंडात सरकतो, पण त्याचा वेग साऱ्या शरीराचे रसायन ठरवते. स्त्रियांबाबत हे आपण लवकर मान्य केले. अंडाशय काढलेल्या उंदरांत दात अधिक सरकतो, हे जपानी संशोधकांनी 2001 साली दाखवले, आणि रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ होतात हे तर घरोघरी माहीत आहे. पुरुषाच्या बाबतीत मात्र एक गृहीत ठाण मांडून बसले आहे, की हाडांची झीज हा बायकांचा आजार. ते खोटे आहे. खुब्याचे हाड मोडल्यानंतरच्या वर्षभरात मरण पावणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत स्त्रियांपेक्षा जास्त असते. संशोधनातही हेच गृहीत डोकावते. मादीच्या संप्रेरकांचे चक्र नको म्हणून दात सरकवण्याच्या प्रयोगांत बहुधा नर उंदीर घेतात, जणू नराच्या संप्रेरकाचा दाताशी संबंधच नाही. वृषण काढलेल्या उंदरांवरचे प्रयोग या गृहीताला पहिला धक्का देतात. त्यांचे खरे मोल इथे आहे.

या धक्क्याला दवाखान्यातही जागा आहे. तार आणि अलाइनर लावून घेणाऱ्यांत आता चाळिशी-पन्नाशीचे पुरुष आहेत. त्यांच्यात प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी टेस्टोस्टेरॉन मुद्दाम दाबून ठेवलेला रुग्ण असू शकतो. क्लाइनफेल्टर सिंड्रोम किंवा पिट्युटरी ग्रंथीच्या विकारामुळे ते जन्मापासून वा मध्येच कमी झालेला असू शकतो. जिममध्ये अंग कमावण्यासाठी स्टिरॉइडची इंजेक्शने घेऊन मग ती सोडलेला तरुण असू शकतो, ज्याचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन अजून सावरलेले नाही. यातल्या प्रोस्टेटच्या रुग्णाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. संप्रेरक दाबल्याने त्याचे हाड झिजते, म्हणून त्याला झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब देतात. ही औषधे अस्थिभंजक पेशींना रोखतात. मग दात लवकर सरकण्याऐवजी उलट मंद सरकू शकतो, आणि दात काढावा लागला तर जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो. ‘टेस्टोस्टेरॉन कमी म्हणजे दात वेगात’ हे सूत्र पाठ केलेला डॉक्टर इथे पुरता चुकेल. संप्रेरकाचा, हाडाचा आणि औषधाचा विचार एकत्र करणारा डॉक्टर चुकणार नाही.

म्हणून माझे म्हणणे दोन मागण्यांत मांडतो. पहिली दंतवैद्यांकडे. स्त्री रुग्णाला आपण गरोदरपण, पाळी, हाडांची औषधे यांबद्दल विचारतो. पुरुषालाही प्रोस्टेटचे उपचार, वृषणाचे वा पिट्युटरीचे आजार, स्टिरॉइडचा वापर आणि हाडांची औषधे यांबद्दल विचारावे. खाजगीपणे आणि संकोच न ठेवता. उत्तर ‘हो’ आले तर त्याच्या फिजिशियनशी बोलावे, जोर हलका ठेवावा, तपासणीच्या भेटी जवळजवळ घ्याव्यात आणि रिटेनर जास्त काळ वापरायला लावावा. याला महागडी यंत्रणा लागत नाही, चार प्रश्न आणि थोडा वेळ लागतो.

दुसरी मागणी संशोधकांकडे. पूर्ण वाढलेले उंदीर घ्या. केवळ काप देऊन टाके घातलेला तुलनेचा गट ठेवा. वृषण काढलेल्या एका गटाला टेस्टोस्टेरॉन परत द्या, दुसऱ्याला इस्ट्रोजेनमध्ये न बदलणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन द्या आणि तिसऱ्याला इस्ट्रोजेन द्या, म्हणजे दोन वाटा वेगळ्या होतील. जोर मुळाच्या मापाचा ठेवा. मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे कळू देऊ नका. दात किती सरकला यासोबत किती हाड भरले आणि स्प्रिंग काढल्यावर दात किती परतला, हेही मोजा. रसेल आणि बर्च यांनी 1959 साली प्राण्यांच्या प्रयोगांसाठी जी तत्त्वे घालून दिली, त्यात प्राण्यांची संख्या कमी ठेवणे हे एक आहे. अर्धवट आखलेला प्रयोग पुन्हा पुन्हा करणे हा त्या तत्त्वाचा भंग आहे, कारण त्यात प्राणी जातो आणि उत्तर मिळत नाही.

वेगाच्या मोहाने या प्रयोगांना उपचार ठरवू नका आणि त्यांच्या उणिवा दाखवून त्यांना फेकूनही देऊ नका. पुरुषाच्या जबड्याचे हाड त्याच्या संप्रेरकांच्या अधीन आहे, याची खूण त्यांनी दिली आहे. ती खूण माणसात कितपत खरी ठरते हे पारखणे संशोधकांचे काम आहे. तोवर समोरच्या पुरुषाला चार प्रश्न विचारणे हे दंतवैद्याचे कर्तव्य आहे.