सायकल आहे तीच, पण अंगाला बसली का?

शिंपी कापड कापण्याआधी माप घेतो. चप्पल घेताना आपण दोन पावले चालून पाहतो. सायकल मात्र दुकानातून जशी आली तशीच वर्षानुवर्षे दामटली जाते आणि गुडघा दुखू लागला की दोष वयाला दिला जातो.

दवाखान्यात ही तक्रार घेऊन येणारे दोन प्रकारचे असतात. एक, शुगर किंवा बी.पी.साठी पहाटे वैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन येणारे पन्नाशीतले गृहस्थ. दुसऱ्या, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीने शाळेत जाणाऱ्या खेड्यांतल्या मुली. सायकल सोडण्याची गरज बहुधा दोघांनाही नसते. ती अंगाला नीट बसवून घेण्याची असते.

दुखण्याची जागा पुष्कळदा चूक सांगून जाते. गुडघ्याची वाटी समोरून दुखत असेल, तर बहुधा सीट खाली आहे. गुडघ्याच्या मागे ओढ बसत असेल किंवा पायडल मारताना कंबर डावी-उजवी हलत असेल, तर सीट वर आहे. करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर शरीराचा भार तळहातांवर येतो आहे. हॅण्डल फार लांब किंवा खाली असले, की असे होते.

मोठ्या शहरांत हे काम करणारे 'बाइक फिटर' आहेत. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिका आरपार ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. एवढ्या पल्ल्यात सीटचा अर्ध्या बोटाचा फरकही शरीर सहन करत नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डॉक्टरला सरकारदरबारी नोंदणी लागते, फिटरला तशी लागत नाही. पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून पारख आपणच केली पाहिजे.

चांगला माणूस पान्याला हात लावण्याआधी विचारतो : कुठे दुखते, रोज किती चालवता, जुने दुखणे आहे का? मग तो तुम्हाला सायकलवर बसवून पायडल मारायला लावतो व बाजूने पाहतो. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेल्यावर पाय सरळ व्हावा, आणि चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहावा, हे तो तपासतो. सीटचा दांडा त्यावरच्या खुणेपलीकडे उपसत नाही. आधीची मापे लिहून ठेवतो, एका वेळी थोडाच बदल करतो आणि आठवड्याने परत बोलावतो. सायकलचा सांगाडाच तुमच्या उंचीला मोठा असेल, तर तसे स्पष्ट सांगतो. मात्र तपासण्याआधीच जो नवी सायकल किंवा महागडी सीट दाखवू लागतो, त्याला नमस्कार करून निघावे.

माझे मत असे, की रोजच्या पाच-दहा किलोमीटरसाठी वरच्या कसोटीला उतरणारा आपल्या चौकातला मिस्त्री पुरेसा आहे. दोनदा बदल करूनही दुखणे राहिले किंवा शंभर किलोमीटरचे पल्ले मारायचे असतील, तर शहरातल्या फिटरकडे पैसे खर्च करावेत. गुडघ्याला सूज असेल, रात्री झोपेत दुखत असेल किंवा सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल, तर आधी डॉक्टरला दाखवावे.

शेवटी मुलींबद्दल. आठवीत मिळालेली सायकल त्या बारावीपर्यंत चालवतात. मधल्या काळात उंची वाढते, पण सीट आहे तिथेच राहते. दुखले तरी सायकल जाईल, शाळा सुटेल या भीतीने पोरी बोलत नाहीत. मुख्याध्यापकांनी दर वर्षी शाळा उघडताच एक दिवस गावातला चांगला मिस्त्री शाळेत बोलवावा आणि प्रत्येकीची सीट तिच्या उंचीप्रमाणे करून घ्यावी. खर्च थोडका आहे, आणि शाळेपर्यंतची वाट न दुखता सरेल.