अग्रशाळेतील एक खोली

मनाचे दुखणे म्हणजे भक्तीच्या उणिवेचे फळ, असे मानणारी मंडळी आपल्या देवस्थानांच्या महाजनांत आजही आढळतात. मधुमेह जडलेल्या गृहस्थास मात्र 'तुमची श्रद्धा कमी पडली' असे कोणी सुनावीत नाही! त्यास डॉक्टरकडे धाडतात. मग झोप उडालेल्या, अन्नावरची वासना गेलेल्या सुनेच्या वाट्यासच तेवढी 'बाधा' का यावी?

कौल घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. देवापुढे पाकळी लावून मनास धीर येत असेल तर तो अवश्य घ्यावा. परंतु उजवा प्रसाद झाला म्हणून औषध बंद करणे, हा देवावर घातलेला आळ होय.

या अनास्थेची परिसीमा 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसली. दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी निवासास आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्या रुग्णांस पळता आले नाही आणि 28 जीव गेले. ते स्थळ परधर्मीयांचे, म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये. हिंदू क्षेत्रांतही अशा साखळ्या होत्या. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्यांस बंदी केली खरी. पण सोयरीक मोडेल या भयाने लावलेले माजघराचे दार कोणता कायदा उघडणार?

याउलट बेल्जममधील घेल हे गाव पाहा. मध्ययुगात सेंट डिम्फ्ना या संतेच्या दर्शनास लोक मनोरुग्णांस घेऊन येत. देवळात जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांस आपल्या घरी ठेवून घेतले. 1930 नंतरच्या दशकात अशा पाहुण्यांची संख्या साडेतीन हजारांवर गेली होती. ते घरच्यांबरोबर शेतात राबत, एका मेजावर जेवत. ही प्रथा, लहान प्रमाणावर व वैद्यकीय देखरेखीखाली, अद्याप चालू आहे. यात्रास्थानास हे साधले, हे ध्यानी घ्यावे.

आणि इतके दूर तरी कशास जावे? गोव्यातच 'संगथ' संस्थेच्या पुढाकाराने, डॉक्टर नसलेल्या परंतु शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून खिन्नता व चिंता यांवर उपचार करून पाहण्यात आले. 2010 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सरकारी आरोग्यकेंद्रांतील रुग्णांस स्पष्ट लाभ झाला. खाजगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे.

याच दोन व्याधींपायी जगात दरवर्षी कामाचे 1,200 कोटी दिवस बुडतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या हिशेबात आपले पुजारी, वाजंत्री, आचारी कोणी धरले असतील काय? उत्सवात रात्रीमागून रात्री जागणाऱ्या या सेवेकऱ्यांस 'तुझे मन बरे आहे ना?' असे कोणत्या समितीने विचारले?

म्हणून आमची मागणी रोकडी आहे. लग्नसराईत भाड्याने जाणाऱ्या अग्रशाळेतील एक खोली आठवड्यातून एक दिवस अशा समुपदेशकास मोफत द्यावी. खोलीचे दार सभामंडपाकडे नसावे. कोण आले, कोण गेले, याची यादी महाजनांनी मागू नये. आणि सेवेकऱ्यांस तेथे जाण्यासाठी पगारी सुटी असावी. येत्या वार्षिक सभेत हा ठराव कोण मांडतो, ते पाहू.