लाइन बंद, सिग्नलची परीक्षा चालू



"सिग्नलच्या कामानिमित्त खालील गाड्या रद्द" अशी पाटी स्टेशनावर लागली, की आपल्या जिल्ह्यात एकच कुरकूर सुरू होते. ती साहजिकच आहे. सालेकसा, आमगाव, तिरोडा, सौंदड, अर्जुनी इकडचा माणूस पॅसेंजर गाडीच्या भरवशावर असतो. कुणाला नागपूरच्या मेडिकलला पेशंट न्यायचा असतो, कुणाची मुलगी गोंदियाला कॉलेजात जाते, कुणाला पहाटे भाजीचं गाठोडं बाजारात पोचवायचं असतं. २०२२ साली हावडा-मुंबई मार्गावर तिसरी लाइन जोडण्याच्या कामापायी कितीतरी गाड्या रद्द झाल्या, तेव्हाचे हाल अनेकांच्या लक्षात असतील.

धानावरच्या खोडकिड्याविषयी बोलायला एका गावी बसलो होतो, तिथे एका वयस्क शेतकऱ्याने विचारलं, "साहेब, यंत्र नवीन, लावणारी माणसं शिकलेली. मग लावा आणि चालू करा. त्याच्यासाठी गाड्या कायले बंद करता?"

प्रश्न रास्त आहे. पण बियाण्याची पिशवी शिक्क्याची असली तरी पऱ्हे टाकण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतो. (निदान पाहावी, असं मी नोकरीला लागल्यापासून सांगत आलो आहे.) बियाणं फसलं तर एक हंगाम जातो. सिग्नल फसला तर काय जातं, ते पुढे सांगतो.

आधी सिग्नल चालतो कसा ते पाहू. अनेक ठिकाणी रुळातून हलकासा वीजप्रवाह सोडलेला असतो. गाडी त्या तुकड्यावर आली की तिच्या चाकांमधून तो प्रवाह आडवा वळतो, पलीकडचं रिले नावाचं यंत्र सुटतं आणि मागचा सिग्नल लाल होतो. वीज गेली किंवा तार तुटली तरी रिले सुटतं आणि सिग्नल लालच होतो. आपल्या मोटारीचा स्टार्टर वीज गेली की जसा आपोआप सुटतो, तसंच हे. बिघाड झाला तर गाडी थांबावी, पुढे जाऊ नये, हा या विद्येचा पाया आहे.

मग घात कुठून होतो? लंडनजवळ क्लॅपहॅम जंक्शनला १९८८ साली जुने सिग्नल काढून नवे बसवण्याचं काम चालू होतं. तंत्रज्ञाने नवी तार जोडली, पण जुनी तार कापून बांधून न टाकता तशीच लोंबती ठेवली. त्या माणसाने १३ आठवड्यांत एकच सुट्टी घेतली होती. दुसऱ्या कुणीतरी पेटीतल्या तारा मोजून पाहायच्या असतात, तेही झालं नाही. पुढे दुसऱ्या कामात ती तार हलली आणि नको तिथे टेकली. रिले सुटायला हवं होतं, त्याला त्या जुन्या तारेतून वीज मिळत राहिली. १२ डिसेंबरच्या सकाळी पुढे गाडी उभी असताना मागचा सिग्नल लाल झालाच नाही. ३५ माणसं मेली. आपल्या स्टार्टरच्या पेटीत अशा किती तारा लोंबत असतात, ते घरी गेल्यावर एकदा बघा, अर्थात मेन स्विच बंद करून.

आपल्या देशातलं उदाहरण तर ताजं आहे. ओडिशात बालासोर जिल्ह्यातल्या बहानगा बाजार स्टेशनाजवळ २ जून २०२३ रोजी कोरोमंडल एक्सप्रेसला सरळ जाण्याचा सिग्नल मिळाला आणि गाडी शिरली बाजूच्या लाइनवर, उभ्या मालगाडीवर. २९० हून जास्त माणसं गेली. चौकशीत निघालं, की सिग्नलच्या जोडणीत पूर्वी केलेल्या बदलात चूक राहिली होती, आणि रस्त्याच्या फाटकाचा दांडा बदलण्याच्या कामातही चूक झाली होती. आपण ज्या फाटकापाशी ट्रॅक्टर घेऊन उभे राहतो, तसलंच ते फाटक.

म्हणून लाइन बंद ठेवतात. सांधा बदलणं आणि सिग्नल देणं ही कामं एकमेकांत अडकवलेली असतात. सांधा चुकीचा असेल तर सिग्नल पडूच नये, अशी ती कडी आहे. नवी यंत्रणा बसवताना जुनी कडी सोडावी लागते. या काळाला रेल्वेवाले नॉन-इंटरलॉकिंग म्हणतात. तेव्हा सांधे कुलूप घालून जखडतात, गाड्या हातातल्या झेंडीवर आणि लेखी चिठ्ठीवर हळूहळू सोडतात. साहजिकच थोड्याच गाड्या निघतात. आणि त्याच वेळी एक माणूस पॅनेलवर, दुसरा सांध्यापाशी फोन घेऊन, प्रत्येक सांधा नि प्रत्येक सिग्नल ताडून पाहत असतो: तिथे दिसतं तेच इथे आहे ना? हे काम घाईचं नव्हे.

'कवच' नावाच्या देशी यंत्रणेचीही अशीच परीक्षा झाली. ड्रायव्हरने लाल सिग्नल ओलांडायला नको म्हणून ही यंत्रणा स्वतः ब्रेक लावते. दक्षिण मध्य रेल्वेवर २०१६ पासून तिच्या चाचण्या झाल्या, २०२० साली ती देशासाठी मान्य झाली, आणि पुढे मराठवाड्याच्या मनमाड-मुदखेड मार्गावर बसली. मार्च २०२२ मध्ये सिकंदराबादजवळ दोन इंजिनं एकाच लाइनवर समोरासमोर आणून पाहिलं, ती आपोआप थांबली. असा प्रयोग प्रवाशांच्या गाडीवर कुणी करील काय?

इतकं सांगूनही एक मुद्दा माझ्या मनातून जात नाही. रद्द करायच्या वेळी पहिली कुऱ्हाड पॅसेंजरवर पडते, ही लोकांची तक्रार मला खोटी वाटत नाही. रोवणीच्या दिवसांत मजूर गाडीने येतो, धान निघाल्यावर बाजाराची घाई असते. हे दिवस टाळता आले तर टाळावेत. सूचना मराठीतून, पंधरा दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यावी, आणि सकाळी एक, संध्याकाळी एक गाडी काही झालं तरी ठेवावी. ग्रामसभेत ठराव करून रेल्वेला पाठवा. नुसतं पारावर बोलून काही होत नाही.

तोवर आपली सोय आपण पाहावी. घरात कुणाचे दिवस भरत आले असतील किंवा नागपूरला तपासणीची तारीख असेल, तर १३९ या नंबरवर आदल्या दिवशी गाडीची चौकशी करा आणि गावातली एखादी जीप आधीच बोलून ठेवा. रद्द गाडीचं आरक्षणाचं तिकीट फाडून टाकू नका. पूर्ण पैसे परत मिळतात. खिडकीवर काढलेलं तिकीट मात्र मुदतीत खिडकीवर नेऊन द्यावं लागतं.

आणि या दिवसांत फाटक नेहमीपेक्षा जास्त वेळ बंद राहील. फाटकवाला स्टेशन मास्तरशी फोनवर आकड्यांची देवघेव करून मगच ते उघडतो. गाडी दिसत नाही म्हणून दांड्याखालून सायकल किंवा बैल काढू नका, आणि फाटकवाल्याशी भांडू नका. भाताच्या पेंढ्या भरलेली ट्रॉली असेल तर सरळ अर्धा तास जादा धरूनच घरून निघा.