‘नसांची कमजोरी’ हे निदान नव्हे

हातापायांना मुंग्या येतात, तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखे वाटते, चालताना पायातली चप्पल कधी निसटली ते कळत नाही, तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. अशा तक्रारी घेऊन माणूस घराबाहेर पडला की त्याला चार ठिकाणी चार उत्तरे मिळतात. औषधाच्या दुकानात सांगतात, नसांची कमजोरी आहे, ताकदीच्या गोळ्या घ्या. शेजारी म्हणतात, वय झाले, चालायचेच. पाहुणे म्हणतात, टेन्शन फार घेता. आणि सहा महिन्यांत गुण आला नाही, की कुणीतरी हळूच सुचवते, एकदा ‘बाहेरचे’ बघून घ्या. रुग्ण जर घरातली सून असेल, तर हे शेवटचे उत्तर फार लवकर येते.

या चारही उत्तरांत रोगाचे नाव कुठेच नाही. ते शिक्के आहेत, आणि शिक्का बसला की शोध थांबतो. मेंदू आणि मज्जातंतूंच्या बाबतीत शोध थांबणे फार महाग पडते. हाड मोडले तर ते उशिराही जुळते, पण मज्जातंतू एका मर्यादेपलीकडे दुखावला की कारण सापडूनही तो पूर्ववत होईल याची खात्री नसते. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. शिक्का मारण्यापूर्वी कारण शोधावे. त्यातली बरीच कारणे साध्या तपासणीत सापडतात आणि उपचारांनी सुधारतात.

एका जीवनसत्त्वाची गोष्ट

वर सांगितलेल्या तक्रारींमागे आपल्याकडे वारंवार सापडणारे एक कारण म्हणजे बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता. विजेच्या तारेवर जसे रबराचे आवरण असते, तसे मज्जातंतूंवर एक आवरण असते. ते नीट राखण्यासाठी बी-१२ लागते. ते कमी पडले की पायांची जाणीव जाते. मज्जारज्जूचा मागचा भाग दुखावला तर आपला पाय नेमका कुठे आहे हे मेंदूला कळेनासे होते. दिवसा डोळ्यांच्या आधाराने निभावते; अंधारात किंवा डोळे मिटल्यावर माणूस पडतो. पुढे विसराळूपणा, चिडचिड, संशय, क्वचित भास होणे इथपर्यंत मजल जाते. घरातले त्याला म्हातारचळ म्हणतात आणि गप्प बसतात.

हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि काही प्रमाणात दूध-दही यांतून मिळते. भाजी, भाकरी, डाळ यांत ते नसते. मात्र मांसाहारी माणसाने निर्धास्त राहू नये. पोटात पोहोचलेले बी-१२ जठरातील एका विशिष्ट द्रव्याच्या मदतीने लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. जठर किंवा आतड्याचा विकार असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल, किंवा पित्तासाठी रोज सकाळी ओमेप्राझोल, पँटोप्राझोल घेण्याची सवय असेल, तर शोषण कमी होते. यकृतात काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो, त्यामुळे तूट आज सुरू झाली तरी लक्षणे पुष्कळ उशिरा दिसतात. म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड कुणाला घालता येत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले होते. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. यातला प्रत्येक जण आजारी होता असा याचा अर्थ नाही. पण ही उणीव आपल्या घरात नसेलच, असे कुणी समजू नये.

‘हिमोग्लोबिन चांगले आहे, मग अशक्तपणा कसला?’ हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. अमेरिकेतील डॉ. लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली बी-१२ च्या कमतरतेने मेंदू किंवा मज्जातंतूंचा त्रास झालेले १४१ रुग्ण नोंदवले. त्यांतील ४० जणांना रक्तक्षय नव्हता आणि तांबड्या पेशींचा आकारही वाढलेला नव्हता. म्हणजे रक्त चांगले दिसत असताना मज्जातंतू झिजत असू शकतात. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीने तर रक्त सुधारते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. गरोदरपणात दिलेल्या लोह-फॉलिकच्या गोळ्या यामुळे बंद करू नयेत. पायांना मुंग्या येत असतील तर बी-१२ ही तपासून घ्यावे, एवढेच.

आधी रक्त, मग इंजेक्शन

आता एका चुकीच्या चालीबद्दल. तक्रार सांगितली की लाल रंगाची पाच इंजेक्शने टोचून घ्यायची, असा प्रघात पडला आहे. कमतरता असेल तर ती इंजेक्शने उत्तमच. पण इंजेक्शनानंतर रक्तातले प्रमाण वर जाते आणि मग केलेल्या तपासणीतून काही कळत नाही. रुग्णाला बरे वाटते, इंजेक्शने संपतात, आणि तूट का पडली हे न कळल्याने वर्ष-दोन वर्षांनी पाय पुन्हा बधिर होतात. म्हणून क्रम लक्षात ठेवावा. आधी रक्ताचा नमुना द्यावा, मग इंजेक्शन घ्यावे. त्रास जास्त असेल तर अहवालाची वाट पाहू नये. पण नमुना काढायला पाच मिनिटे सर्वांकडे असतात.

ताकदीच्या म्हणून घेतलेल्या अनेक गोळ्यांत बी-६ हे जीवनसत्त्व असते. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर त्यानेच मज्जातंतू बिघडतात आणि पायांना मुंग्या येतात. ज्या दुखण्यासाठी गोळी घेतली, तेच दुखणे गोळीने वाढवावे, असा हा प्रकार.

बी-१२ प्रमाणेच रक्तातील साखर, थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे कार्य यांच्या तपासण्याही अशा रुग्णांत कराव्या लागतात. दारूचे व्यसन असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. एमआरआयसाठी मोठ्या शहरात धाव घेण्यापूर्वी तालुक्याच्या गावी होणाऱ्या या चाचण्या झाल्या आहेत का, हे प्रत्येकाने विचारावे.

एका रात्रीत आलेली लक्षणे

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटते, काहीतरी लागले. प्रत्यक्षात मण्यार चावलेली असण्याची दाट शक्यता असते. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, दातांची खूणही दिसेलच असे नाही. अंगारा लावण्यात गेलेला प्रत्येक तास श्वासाचे स्नायू लुळे पाडत असतो. अशा माणसाला डोळे उघडता येत नाहीत, पण त्याला ऐकू सगळे येत असते. प्रतिविष आणि कृत्रिम श्वास वेळेवर मिळाला तर तो चालत घरी येऊ शकतो. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही ठाऊक असू द्यावे.

दुसरे उदाहरण वृद्धांचे. कालपर्यंत वर्तमानपत्र वाचणारे आजोबा आज मुलाला ओळखत नाहीत, असंबद्ध बोलतात. हे म्हातारपण नव्हे. म्हातारपण एका रात्रीत येत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, मीठ बंद केले आहे, त्यात चार दिवस उलट्या किंवा जुलाब झाले, तर रक्तातील सोडियम घसरते आणि मेंदू भांबावतो. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण चुकले तर साखर उतरूनही असेच होते. लघवीतील जंतुसंसर्गानेही होते. साखर जागेवर मोजता येते. सोडियम मात्र रुग्णालयातच आणि बेताबेताने वाढवावे लागते. घरी मिठाचे पाणी पाजू नये.

आणि चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, वाचा जाणे ही लक्षणे अचानक आली, तर तो पक्षाघात समजून त्याच क्षणी निघावे. मेंदूतील गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनाला साधारण साडेचार तासांची मुदत असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे.

बिघडलेले अक्षर, बधिर चट्टा

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे अक्षर एकाएकी बिघडते, हात कापतो, तोंडातून लाळ गळते, अभ्यासात मागे पडतो, चिडतो. शाळेतून तक्रार येते, घरी मार बसतो. १९१२ साली किनियर विल्सन यांनी वर्णन केलेल्या आजारात नेमके असे होते. शरीरातील तांबे बाहेर न पडता यकृतात आणि मेंदूत साठते. हा आजार आईवडील दोघांकडून दोष आल्यास होतो, त्यामुळे मामाच्या मुलीशी किंवा इतर नात्यात लग्न झालेल्या घरांत त्याची शक्यता अधिक. औषधे आहेत, ती आयुष्यभर घ्यावी लागतात, आणि लवकर सुरू केली तर मूल सावरते. सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी.

करंगळी वाकडी होऊ लागली, पाऊल उचलेनासे झाले, अंगावर फिकट चट्टा आहे आणि तिथे टोचलेले कळत नाही, तर ‘नस दबली’ म्हणून मालिश करीत बसू नये. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. लाजेपोटी गेलेल्या वर्षाने बोटे जातात.

आणि तपासण्या निर्दोष आल्या तर?

तरीही त्रास खोटा ठरत नाही. लंडनमध्ये ‘हिस्टेरिया’ असा शिक्का बसलेल्या ८५ रुग्णांचा मागोवा डॉ. एलियट स्लेटर यांनी घेतला. त्यांतील अनेकांना पुढे शारीरिक आजार निघाला, असे त्यांनी १९६५ साली दाखवून दिले. त्यानंतर डॉक्टर सावध झाले. २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापलेल्या आढाव्यानुसार अशा निदानातील चूक १९५० च्या दशकात २९ टक्के होती, ती १९७० नंतर ४ टक्क्यांवर आली. आज हे निदान ‘काही सापडले नाही’ म्हणून करीत नाहीत. तपासणीत दिसणाऱ्या खुणांवरून करतात. उदाहरणार्थ, लुळा पाय मुद्दाम गादीवर दाबता येत नाही, पण दुसरा पाय जोर लावून उचलताना तोच पाय आपोआप जोराने दाबला जातो. म्हणजे तारा शाबूत आहेत, संदेश देण्यात गोंधळ आहे. हे ढोंग नव्हे. समजावून सांगणे, योग्य व्यायाम आणि मानसोपचार यांनी अनेकांना आराम पडतो. तेव्हा ‘मनाचे आहे’ हेसुद्धा तपासून काढलेले निदान असावे, रुग्णाला गप्प बसवण्याची युक्ती नसावी.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात. त्रास केव्हा सुरू झाला, तो वाढतो आहे की येतो-जातो, कोणकोणत्या गोळ्या, चूर्णे, भस्मे चालू आहेत, आणि घरात असा आजार कुणाला आहे का. झटका येत असेल तर मोबाइलवर त्याचे चित्रण करून न्यावे; डॉक्टरांना त्यातून फार काही कळते. तपासून झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा: ‘डॉक्टर, याचे कारण काय?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही, आणि उत्तर अजून सापडले नसेल तर तसे सांगून तो पुढचा शोध घेतो.